साक्षरतेचे अनुभवी शिक्षक : त्यांची घडण व त्यांची आस्था

अक्षरे गिरवून घेणे हे साक्षरतेच्या कार्यातील डोळ्यांना दिसणारे काम होय. परंतु शिकणाऱ्याला पाटीपर्यंत आणणे हे त्याहून कठीण असते. या दुसऱ्या कामात ज्यांनी यश मिळविले, ते शिक्षक कोणत्या परिस्थितीतून आले व त्यांनी कोणत्या प्रश्नांचा ध्यास घेतला, हे जाणून घेणे प्राथमिक शिक्षकास उपयुक्त ठरेल.

नवी मुंबईचा मोठा भाग ज्या ठाणे जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्याच्या उत्तर टोकास पूर्वी बोर्डी व कोसबाड ही गावे होती. २०१४ पासून ती पालघर जिल्ह्यात मोडतात. १९४५ साली ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. त्या वेळी ताराबाईंनी पन्नाशी ओलांडली होती, तर अनुताई पस्तीस वर्षांच्या होत्या.

दोघींची घडण अगदी भिन्न होती. ताराबाईंचा जन्म १८९२ साली मुंबईत झाला. वडील प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते होते. पदवी मिळविल्यानंतर त्यांनी राजकोट येथील स्त्रियांच्या अध्यापन विद्यालयाचे प्राचार्यपद सांभाळले. पुढे ते सोडून १९२३ साली त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात दाखल झाल्या. गिजुभाई हे मूळचे वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करता करता ते बालशिक्षणाकडे वळले. ताराबाईंनी तेथे माँटेसरी पद्धतीचा अभ्यास केला व १९३६ मध्ये दादर येथे शिशुविहार स्थापन केले.

अनुताईंचा जन्म १९१० साली पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे झाला. तेराव्या वर्षी विवाह व काही महिन्यांतच वैधव्य, अशी त्यांच्या आयुष्याची सुरुवात झाली. वडिलांच्या पाठिंब्याने त्यांनी शिक्षण पुरे केले, चांदवड तालुक्यातील खेड्यांत प्राथमिक शिक्षिका म्हणून काम केले आणि नंतर पुण्याच्या हुजूरपागा शाळेत नोकरी धरली. दिवसा शिकवावे व रात्रशाळेत स्वतः शिकावे, असा त्यांचा क्रम होता. शिक्षण हाती न लागणे म्हणजे काय, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते.

बोर्डीस आल्यावर दोघींना प्रथम आढळले ते असे की, बालवाडी उघडली म्हणून मुले येत नाहीत. दलित वस्तीतील मुले येईनात, तेव्हा बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेण्यात आली. हीच अंगणवाडी. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे हा शब्द देशभर पोहोचला. १९५७ च्या सुमारास कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील वारली मुलांपैकी थोरली मुले धाकट्या भावंडांना सांभाळीत. म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र जोडून विकासवाडी उभी राहिली. काही मुले गुरे राखीत. त्यांच्यासाठी शिक्षक कुरणात गेले व कुरणशाळा भरू लागली. माँटेसरीची महाग साधने खेड्यास परवडणारी नव्हती. त्यांच्या जागी शिंपले, खडे, बिया व पाने आली.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. या शिक्षिकांची आस्था केवळ वाचन-लेखनाच्या पद्धतीपुरती मर्यादित नव्हती. मूल शाळेत का येत नाही, हा त्यांच्या अभ्यासाचा मुख्य विषय होता. आणि उत्तर मिळाल्यावर मुलाला दोष न देता त्यांनी शाळेची वेळ, जागा व साधने बदलली. जे आढळले ते लिहून ठेवणे व नव्या शिक्षकांना तयार करणे, हेही त्यांनी आपल्या कामाचेच अंग मानले.

१९७० साली सिडकोची स्थापना होऊन नवी मुंबई वसू लागली. तेथे पारसिकच्या डोंगरालगत दगडखाणींच्या आधाराने वस्त्या उभ्या राहिल्या. मजुरीसाठी दूरदूरहून आलेल्या कुटुंबांत आई कामावर गेली की धाकटे मूल थोरल्या बहिणीच्या कडेवर येते व तिची पाटी मागे पडते. कोसबाडचा प्रश्न तो हाच. खेड्यातील शिक्षकाला तो सुगीच्या दिवसांत, तसेच वीटभट्टीवर कुटुंबे जाण्याच्या हंगामात दिसतो.

तेव्हा शिक्षकाने पुढील गोष्टी करून पाहाव्यात :

(१) सतत गैरहजर राहणाऱ्या मुलाच्या नावापुढे त्याचे खरे कारण लिहावे : भावंड, गुरे, स्थलांतर की भाषा. ‘पालक उदासीन’ एवढ्यावर थांबू नये.

(२) पहिले वाचनपाठ मुलाच्या घरच्या शब्दांतून तयार करावेत. प्रमाणभाषा त्यानंतर हळूहळू आणावी.

(३) मोजणी व अक्षरओळख यांसाठी परिसरातील वस्तू वापराव्यात.

(४) आपल्या प्रयोगाची टिपणवही ठेवून ती केंद्राच्या शिक्षण परिषदेत वाचून दाखवावी.

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण व अनुताईंना १९८४ मध्ये पद्मश्री हे सन्मान लाभले. तथापि त्यांचे खरे मोठेपण असे की, एक पदवीधर प्राचार्या व दुसरी खेड्यातील शिक्षिका असूनही दोघी अखेरपर्यंत मुलांकडून शिकत राहिल्या. शिक्षकाची पूर्वपीठिका कोणतीही असो, ज्याची शिकण्याची वृत्ती टिकून राहते तोच अनुभवी शिक्षक होय. नोकरीची वर्षे तर सर्वांचीच भरतात.