करंजेल

कामशेतला लोकलमधून उतरून बाजाराच्या रस्त्याला लागतो, तेव्हा सकाळचे नऊ वाजलेत. भाद्रपद वद्य चतुर्दशी. उद्या सर्वपित्री अमावास्या आणि उद्याच मावळातला बैलपोळा. बाकी महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी श्रावणी अमावास्येलाच बैल सजून, मिरवून झाले. तेव्हा इथे खाचरांत पाऊस कोसळत होता. आता इंद्रायणी भात पोटरीतून बाहेर पडतोय, आणि लोणावळ्याच्या अंगाला ढग अजून पुरते उठलेले नाहीत. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सुतळ्यांवर गोंडे, कासरे, म्होरक्या, बाशिंगं टांगलीत. हिंगुळाच्या डब्यांची चळत लागलीय. या सगळ्या रंगांत एक कडवट वास मिसळलाय. तो धरून चालत गेलं, की मामांची टपरी लागते.

टपरी पत्र्याची, गटई कामगारांना सरकारी योजनेतून मिळते तसली. आत संत रोहिदासांची तसबीर, तिच्या खाली पैसे भरायचा क्यूआर कोड, त्याच्या खाली मामा. पुढ्यात लोखंडी ऐरण, रापी, तीन जाडीच्या आऱ्या, मेणाचा काळा पडलेला गोळा आणि ॲल्युमिनियमची एक वाटी. वास त्या वाटीतून येतोय: करंजाच्या बियांचं तेल, त्यात निम्म्याला निम्मं एरंडेल. वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवलीय. मामा मधूनच तिच्यात करंगळी बुडवून बघतात, बाळाच्या अंघोळीचं पाणी बघावं तसं.

एरवी इथे चपलांचे अंगठे आणि शाळेच्या दप्तरांच्या चेनी. पोळ्याआधीचे पंधरा दिवस मात्र बैलांचे. घुंगरमाळा, चाळ, गळ्यातले पट्टे. वर्षभर आढ्याला टांगून लाकडासारखे झालेले. हा पंधरवडा पितरांचा, त्यामुळे नवीन घ्यायला घरातली म्हातारी माणसं नको म्हणतात आणि जुनंच खाली निघतं. टपरीच्या सावलीच्या बाजूला दोरीवर नऊ पट्टे लटकलेत. काही कोरडे, काही दमट, काही तेल पिऊन गडद झालेले. उन्हाची तिरीप सरकत आली, की मामा उठून दोरी हातभर मागे घेतात.

दुचाकीवरून एक पोरगा येतो. गाडीच्या टाकीवर शर्यतीच्या बैलाचं चित्र. पिशवीतून पट्टा काढून तो आदळतोच. "मामा, बुरशी धरलीय. संध्याकाळी पायजे."

पट्ट्यावर पांढरा थर आहे खरा. मामा वास घेत नाहीत, ब्रश घेत नाहीत. नुसता अंगठा त्या पांढऱ्यावर टेकवून गप्प बसतात. थोड्या वेळाने अंगठा उचलतात. खालचं चामडं काळं आणि ओलसर. पांढरं विरघळून गेलंय.

"ही बुरशी न्हाय. खोबरेल वतलं व्हतं ना?"

"चांगलं पाव लिटर!"

"मंग ते थिजलंय."

खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं, आणि भादव्यात मावळातल्या रात्री तितक्या गार असतात. पण मामांना काळजी वेगळी आहे. ते पट्टा दोन्ही हातांत धरून ताणतात, तर तो कणकेसारखा लांबतो. घुंगरांची भोकं ओढली जाऊन लांबट झालीत. चामडं म्हणजे तंतूंचं विणकाम. तेलाने ते तंतू एकमेकांवरून सरकते राहतात, म्हणून पट्टा वाकतो. तेल उडून गेलं तर वाकताना तंतू तुटतात, आणि फार झालं तर एकमेकांना धरायचंच सोडून देतात. मामा हे एवढंच म्हणतात: "तहान बगून पाजावं." मग खडूची पूड पट्ट्यावर दाबून भरतात, वर्तमानपत्रात गुंडाळतात आणि वर फरशीचा तुकडा ठेवतात. पूड तेल ओढून घेईल. संध्याकाळपर्यंत जेवढं निघेल तेवढं.

पोरगा तोंड वाकडं करून जातो. मामा हसतात. "ह्यांच्यामुळंच दोरी भरलीय, बरं का." २०१४ साली बैलगाडा शर्यती बंद झाल्या, डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना पुन्हा परवानगी मिळाली, आणि मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. मधल्या वर्षांत ह्या दोरीवर दोनच पट्टे असायचे, असं मामा सांगतात. नांगराला आता पॉवर टिलर आहे. गोठ्यातल्या दावणीला बैल उरलाय तो बराचसा शर्यतीचा.

पुढचं गिऱ्हाईक लोणावळ्याचं. एका बंगल्याची देखभाल करणारा माणूस. हातात बुटांचा जोड आणि बायकी पर्स. मालक मे महिन्यात कुलूप लावून गेले, ते आता दसऱ्याला येतील. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि चार महिने बंद कपाट. बुटांवर हिरवट-पांढरी लव उगवलीय. मामा ते घेऊन गटाराच्या पलीकडे जातात आणि तिथे ब्रश मारतात. टपरीत झाडले असते तर ती बुरशी दोरीवरच्या पट्ट्यांवर येऊन बसली असती. मग स्पिरिटच्या बोळ्याने पुसून बूट सावलीत उभे.

"उन्हात ठेवतो की. लवकर वाळतील."

मामा खिळ्यावरून एक वस्तू काढून त्याच्या हातात देतात. मुठीसारखी आवळलेली, खारकेसारखी टणक. कधीकाळी तो हातभर लांबीचा पट्टा होता. भिजल्यावर कुणीतरी चुलीच्या तोंडाशी वाळत घातला. झाडाच्या सालींनी कमावलेलं नवं चामडं ओलं असताना ७० ते ८० अंशांपर्यंत तापलं की आकसतं, ते पुन्हा कधी सुटत नाही. जुनं तर त्याच्या कितीतरी आधीच. मामांनी हा नमुना जपून ठेवलाय. सांगत बसायला नको, हातात दिला की काम होतं.

पर्स मात्र ते उघडूनही बघत नाहीत. बाहेरचा पापुद्रा पोपडे धरून गळतोय, खालचं कापड दिसतंय. "हे चामडंच न्हाय, रेक्झिन हाय. तेल लावा, तूप लावा, ते गळणार." माणूस पर्सकडे बघतो. मालकिणीला हे कसं सांगायचं, ते त्याच्या चेहऱ्यावर उमटलेलं असतं.

साडेदहाला आबा येतात. नाणे मावळातल्या एका गावाहून जीपने आलेत. पांढरी टोपी, गुडघ्यापर्यंत धोतर, हातात खताची रिकामी गोणी. आठ दिवसांपूर्वी ते एक पट्टा टाकून गेलेत.

"झाला का रं?"

"बसा आबा. चार घुंगरं ऱ्हायलीत."

मामा मांडीवरचं फडकं उलगडतात. पट्टा तीन बोटं रुंद आणि दुहेरी शिवलेला. आबांच्या वडिलांच्या वेळचा. आला तेव्हा तो वाकत नव्हता, म्हणे; भिंतीला टेकवला तर उभा राहायचा. सुरुवातीला मामांनी त्यावरची बाराच्या बारा घुंगरं उसवली. पितळ आणि तेलकट चामडं एकमेकांना लागून राहिलं की सांध्यात हिरवं, मेणचट काहीतरी साचतं; ते बांबूच्या कामटीने खरवडलं. आबांनी जाताना बजावलं होतं, घुंगरं चिंचेनं घास. ती चिंचेनेच घासलीत, पण वेगळ्या पाटीत. चिंच पितळेला चांगली, चामड्याला आंबट लागू द्यायचं नाही. मग बैलाच्या घामाचं मीठ ओल्या फडक्याने पुन्हा पुन्हा टिपलं. पट्टा दमट असतानाच, आतल्या खरखरीत बाजूने, पहिला हात तेलाचा. पाणी हळूहळू बाहेर निघत जातं आणि त्याच्या मागोमाग तेल आत शिरतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोटभर तेल, तिसऱ्या दिवशी फक्त हात फिरवून बघणं. रोज थोडं थोडं वाकवायचं, आदल्या दिवसापेक्षा एका बोटाने जास्त. घाई केली की वरचा पापुद्रा चिरतो.

"आन हे काय?" आबांचं बोट एका जागी थांबतं. तिथे रंग वेगळा आहे.

मामा खोक्यातून वीतभर तुकडा काढून आबांच्या तळहातावर ठेवतात. आबा तो चोळतात. बोटांना विटेसारखी तांबडी भुकटी लागते. मी ही भुकटी ओळखतो. जुन्या ग्रंथालयात शंभर वर्षांपूर्वीचं चामडी बांधणीचं पुस्तक हाताळलं, की शर्टावर हीच लागते. धुरातलं, हवेतलं आम्ल वर्षानुवर्षं चामड्यात मुरतं आणि तंतूच तुटून त्यांचं पीठ होतं. लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने एकोणिसावं शतक संपता संपता यावर समिती नेमली होती. पीठ झालेल्याला तेल पाजून उपयोग नसतो. ते काळं पडतं आणि तुटतं.

"चुलीच्या वरच टांगत व्हता न्हवं?"

"आमचा बा तितंच टांगायचा. कसर लागत न्हाय धुरानं."

"कसर लागली न्हाय. पर धुरानं खाल्लं."

आबा बोलत नाहीत. तुकडा उलटापालटा करत राहतात. मामा त्यांच्याकडे न बघता सुताला मेण लावतात, आरीने भोक पाडतात, दोन्हीकडून सूत ओढून घट्ट करतात. नव्या तुकड्याची दोन्ही टोकं रापीने कागदासारखी पातळ करून जुन्यावर चढवलीत. डोळे मिटून बोट फिरवलं तर सांधा लागत नाही. नवं चामडं म्हशीचं, कोल्हापूरकडून आलेलं, बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं.

"हिरडा आमच्याकडचाच गेला आसंल," आबा म्हणतात. पहिल्यांदाच जरा खुलतात. लहानपणी रानात हिरडे वेचून पायल्यांनी व्यापाऱ्याला घातल्याचं सांगतात. मामा लगेच पट्ट्याच्या कडेचा काळा डाग दाखवतात. आधी कुणीतरी ओल्या पट्ट्यात लोखंडी खिळा ठोकला होता. हिरडा आणि लोखंड ओल्यात भेटले, की शाईच होते. पूर्वी लिहायची शाई अशीच करत. म्हणून मामा दमट पट्टा ऐरणीवर ठेवत नाहीत, मध्ये लाकडाची फळी घालतात.

"तुझा आजा बी फळीच घालायचा," आबा म्हणतात. "आमच्या मोटंला ठिगळ लावायला यायचा. सुगीला पेंढ्या न्यायचा."

"न्यायचा न्हाय आबा, मागाया लागायच्या." मामा दाताने सूत तोडतात. आवाजात राग नाही, पण वाक्य सोडूनही दिलेलं नाही. आबा टोपी सारखी करतात. दोघांच्यामध्ये पट्टा आहे आणि बाराव्या घुंगराचं भोक अजून रिकामं आहे. आबा खाली वाकून ते घुंगरू उचलतात, फडक्याने पुसतात आणि मामांच्या हातात देतात.

शेवटचा टाका पडतो. मामा मेणाचा बोळा पट्ट्यावरून एकदाच फिरवतात, सुक्या फडक्याने ओढून घेतात. चकाकी फारशी नाही. मग पट्ट्याची दोन्ही टोकं धरून तो आबांच्या कानाजवळ नेतात आणि हलवतात. दोरीवरचा एक कडक पट्टाही काढून तसाच हलवतात. फरक मलाही कळतो. कडक पट्ट्यावरची घुंगरं सगळी एकदम खडखडतात, डब्यात खडे टाकल्यासारखी. ह्या पट्ट्यावर एकेक घुंगरू आपापल्या जागी झोका घेतं. आवाज एका टोकाला सुरू होऊन दुसऱ्या टोकाला पोचतो.

आबा मान हलवतात. चंचीतून नोटा काढून दोनदा मोजतात.

"ह्या साली आढ्याला टांगू नका. वाऱ्याच्या जागी, जाड खुंटीला. पाऊस लागायच्या आधी एक हात तेलाचा. पिशवीत बांधायचा न्हाय, कापडात ठेवा. आन घडी घालायची न्हाय. सांध्याला मोडंल."

आबा गोणी उघडून बसलेत. पट्टा सरळ काही तिच्यात मावत नाही; गोणीला बुडाशी भोकही आहे. ते गोणीकडे बघतात, पट्ट्याकडे बघतात. मग गोणी काखेत मारतात, टोपी काढतात, पट्टा उचलून स्वतःच्या गळ्यात घालतात आणि टोपी पुन्हा चढवतात.

जीपच्या थांब्याकडे ते चालू लागतात. पावलागणिक बारा घुंगरं. भज्यांच्या गाडीवरची माणसं वळून बघतात. गोंडे विकणारी बाई ओरडते, "आजोबा, पोळा उद्याला हाय!" त्या आवाजात त्यांना ते ऐकू गेलेलं नसतं, किंवा गेलेलं असतं.

मामा टपरीतून अर्धे बाहेर वाकून बघताहेत. मला वाटतं, आबांना बघून हसताहेत. पण त्यांची नजर मानेपाशी आहे, जिथे नवा तुकडा जुन्याला मिळतो, तिथे.

"वळतोय," ते म्हणतात. वाटीच्या बुडाशी राहिलेलं तेल बोटांनी निपटून स्वतःच्या टाचांच्या भेगांना लावतात, आणि दोरीवरचा पुढचा पट्टा खाली घेतात.