सावलीचा पाठ

प्रकाश आणि सावली हा पाठ लहान मुलांना केवळ फळ्यावर शिकविला, तर व्याख्या तोंडपाठ होते; सावली कशी घडते हे मात्र उमगत नाही. त्यासाठी मुलांच्या हाती वस्तू द्याव्या लागतात.

वर्गाच्या खिडक्या झाकून विजेरीचा झोत भिंतीवर टाकावा. वाटेत क्रमाने काच, तेल लावलेला कागद आणि पुठ्ठा धरावा. काचेतून बहुतेक प्रकाश पार जातो, तेलकट कागदातून अंधूक जातो, पुठ्ठ्याशी अडतो. मग लाल चेंडू धरून सावलीचा रंग विचारावा. ‘लाल’ असे उत्तर आल्यास खोडू नये. भिंतीकडे पाहावयास सांगावे. चेंडू विजेरीजवळ नेला की सावली वाढते, भिंतीजवळ नेला की आक्रसते.

पुढचा पाठ मैदानावरचा. जमिनीवर 100 सेंटिमीटर उंच राहील अशी सरळ तुराटी रोवावी आणि सावलीचे टोक दर तासाला खडा ठेवून खुणावे. सूर्याकडे थेट पाहू नये, हे आधीच बजावावे. मारेगावात 22 डिसेंबरच्या सुमारास मध्यान्हीची सावली सुमारे 95 सेंटिमीटर भरते, 21 मार्चला सुमारे 37. 21 मे आणि 23 जुलैच्या सुमारास ती मध्यान्ही नाहीशी होते. हाच शून्य सावली दिवस. या दोन दिवसांच्या दरम्यान मध्यान्हीची सावली चक्क दक्षिणेस पडते. मे महिन्यात मुले सुटीवर घरी असतात. तेव्हा हा प्रयोग पालकांनी अंगणात करवून घ्यावा. त्या दिवसांत येथे सूर्य माथ्यावर येतो तो घड्याळात बारा वाजून सुमारे दहा मिनिटांनी.

आपल्या समाजासाठी हा पाठ विज्ञानापुरता मर्यादित नाही. पेशवाईत समोरून सवर्ण हिंदू येत असल्यास अस्पृश्याला सार्वजनिक रस्त्यावर चालण्यास मज्जाव होता, कारण त्याच्या सावलीचा विटाळ मानला जाई, असे बाबासाहेबांनी 1936 साली ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये नमूद केले आहे. ज्या मुलाने सावली स्वतः मोजली, त्याला ठाऊक असते की तेथे केवळ प्रकाश पोहोचलेला नाही. विटाळण्याजोगे तेथे काहीच नाही.

म्हणून शेवटी समान उंचीच्या दोन मुलांना शेजारी उभे करावे, खडूने एकमेकांची सावली आखू द्यावी आणि मोजपट्टी त्यांच्याच हाती द्यावी. दोन्ही मापे सारखीच येतील.