व्हॅलेन्सिया : नदीच्या पात्रातून समुद्राकडे

स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात गाईडसोबत ई-बाईकवर निघालात, की समुद्राची वाट जाते ती नदीच्या पात्रातून. पाणी मात्र तिथे नाही. ऑक्टोबर 1957 मध्ये तुरिया नदीला महापूर आला, अनेकांचे प्राण गेले. पुढे नदीच शहराच्या दक्षिणेकडून वळवली. रिकाम्या पात्रातून महामार्ग नेण्याचा घाट घातला होता. नागरिकांनी तो हाणून पाडला आणि तिथे बाग करून घेतली. शहराच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा विजय, असं मला मनापासून वाटतं.

सेर्रानोस वेशीजवळ पात्रात उतरायचं. डोक्यावरून शतकांपूर्वीचे दगडी पूल सरकत राहतात, बाजूला पाइन आणि ताडाची झाडं, फुटबॉलची मैदानं. पुढे वास्तुकार कलात्रावा यांची पांढरीशुभ्र 'कला आणि विज्ञान नगरी'. तिथून कबान्याल ही टाइल्सनी मढवलेल्या घरांची जुनी कोळीवस्ती आणि मग माल्वारोसाचा किनारा. चित्रकार सोरोया यांनी हाच परिसर रंगवला.

युरोपीय नियमानुसार ई-बाईकची मोटर जास्तीत जास्त 250 वॉटची असते. पेडल मारलं तरच ती साथ देते आणि ताशी 25 किलोमीटरला थांबते. शहर सपाट आहे, त्यामुळे तिची खरी मदत होते ती समोरून वारा आला की. सायकल चालवताना कानात इअरफोन घालायला स्पेनमध्ये बंदी आहे. मद्याची मर्यादा सायकलस्वारालाही लागू. पाएया हे तिथलं दुपारचं जेवण, त्यामुळे सकाळची फेरी निवडा आणि किनाऱ्यावरच जेवा.