कुत्र्याची हद्द आणि धावणाऱ्याची वाट

वर्धा जिल्ह्यातील उन्हाळा पारा ४५ अंशांच्या आसपास नेणारा असल्याने येथे धावणे किंवा सायकल चालवणे हे मुख्यतः पहाटेचे काम ठरते, आणि रस्ते निर्मनुष्य असताना मोकाट कुत्र्यांच्या टोळ्या आपापल्या हद्दीवर अधिक सावध असल्याने त्यांची आणि धावणाऱ्या-सायकलस्वारांची गाठ वारंवार पडते. हा प्रश्न केवळ छंद म्हणून व्यायाम करणाऱ्यांचा नाही. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते, आणि ज्यांच्या गावात मैदानच नाही अशी शेतकरी-शेतमजुरांची मुले-मुली डांबरी रस्त्यालाच मैदान मानून अंधारात सराव करतात. दूधवाले, वृत्तपत्रे टाकणारे आणि सायकलीने शाळेला जाणाऱ्या मुली याच रस्त्यांवर असतात. त्यांना दुसरी वाट घेण्याचा सल्ला देणे सोपे असले, तरी बहुधा ती वाट नसतेच.

अंगावर येणारे प्रत्येक कुत्रे चावण्यासाठीच येते, हा समज चुकीचा आहे. उकिरडा, ढाबा, मांसविक्रीचे दुकान अशा अन्न मिळणाऱ्या जागेभोवती कुत्र्यांची टोळी आपली हद्द ठरवते आणि तिच्यात वेगाने शिरणाऱ्या कोणालाही भुंकून बाहेर काढते. समोरचा पळू लागला की पळणाऱ्याचा पाठलाग करण्याची उपजत प्रवृत्ती त्यात मिसळते. कपाशी-तुरीच्या शेतांवर रानडुकरे आणि रोही यांच्यापासून पीक राखण्यासाठी पाळलेली कुत्री तर राखणीसाठीच ठेवलेली असतात, आणि शेताच्या धुऱ्याजवळून धावत जाणारा माणूस त्यांच्या दृष्टीने घुसखोरच असतो. भुंकत, पुढेमागे करत येणारे कुत्रे बहुतेक वेळा इशारा देत असते. अंग ताठ, नजर रोखलेली आणि ओठ मागे ओढून दात दाखवणारे गप्प कुत्रे अधिक धोक्याचे.

यात ऋतूचाही भाग आहे. कुत्र्यांच्या माजाचा काळ आपली बोली भाद्रपदाशी जोडते, आणि कुत्रीचा गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा असल्याने पिल्ले कार्तिक-मार्गशीर्षाच्या सुमारास जन्मतात. म्हणजे थंडी पडल्यावर धावणाऱ्यांची गर्दी वाढते, नेमक्या त्याच दिवसांत पुलाच्या नळकांड्यात किंवा कडब्याच्या गंजीखाली पिल्ले असलेली कुत्री सर्वांत तिखट झालेली असते. अशी जागा माहीत झाल्यावर महिना-दीड महिना रस्त्याची दुसरी कड धरणे, हा साधा उपाय फार उपयोगी पडतो.

कुत्र्याचा वेग माणसाच्या धावेपेक्षा कितीतरी जास्त असल्याने पळून सुटका होत नाही, उलट पळण्यानेच पाठलाग सुरू राहतो. म्हणून धावणाऱ्याने थांबावे, अंग कुत्र्याकडे ठेवावे पण डोळ्यांत रोखून पाहू नये, खालच्या व ठाम आवाजात ‘हाड’ म्हणावे आणि पाठ न दाखवता हळूहळू मागे सरत हद्दीबाहेर पडावे. दगड उचलण्यासाठी वाकल्याचा नुसता आविर्भाव केला तरी आपल्याकडची बरीच कुत्री मागे हटतात, कारण त्या हालचालीचा अर्थ त्यांना अनुभवाने ठाऊक झालेला असतो. खरोखर मारलेला दगड मात्र त्या कुत्र्याला पुढच्या माणसासाठी अधिक वाईट करून ठेवतो. सायकलस्वाराच्या बाबतीत चाव्याइतकाच धोका पडण्याचा असतो, कारण चालत्या सायकलीवरून लाथ मारताना तोल जातो. वेग कमी करून उतरणे आणि सायकल आडवी धरून तिला आपल्या व कुत्र्याच्या मध्ये ठेवून चालणे हे सर्वांत सुरक्षित असते. बाटलीतील पाण्याची चिळकांडीही अनेकदा पुरते. खाली पडल्यास गुडघे पोटाशी घेऊन हातांनी मान व कान झाकावेत.

चावा किंवा रक्त आलेला ओरखडा असेल, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटे धुवावी. रेबीज, म्हणजे पिसाळलेल्या प्राण्याच्या लाळेतून पसरणारा आणि मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूपर्यंत पोचणारा विषाणूजन्य रोग, लक्षणे दिसू लागल्यावर जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो, आणि म्हणून हळद, चुना किंवा तिखट भरण्यात गेलेला वेळ जिवावर बेतू शकतो. पोटात घ्यायच्या १४ इंजेक्शनांची जुनी भीती अजूनही कानावर येते, पण ती लस भारतात कधीच बंद झाली आहे. आता त्वचेत देण्याची लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी दंडात देतात आणि ती सरकारी रुग्णालयांत मोफत मिळते. खोल जखमेत तयार प्रतिपिंडांचे औषध, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, जखमेतच टोचावे लागते. ते मिळेल अशा रुग्णालयात त्याच दिवशी पोचणे आवश्यक असते. बरे वाटले म्हणून २८ व्या दिवसाची मात्रा चुकवू नये.

धावणाऱ्याने कितीही शहाणपणा दाखवला, तरी मूळ जबाबदारी त्याची नव्हे. १९२६ मध्ये अहमदाबादेतील गिरणीमालक अंबालाल साराभाई यांनी साठ कुत्री मारवल्यावर उठलेल्या वादात महात्मा गांधींनी ‘यंग इंडिया’ साप्ताहिकात लेखमाला लिहिली. मोकाट कुत्री समाजाच्या दयेची नव्हे तर अज्ञानाची आणि आळसाची खूण आहेत आणि तुकडा टाकून जबाबदारी संपत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. दहा वर्षांनी ते ज्या शेगावात राहायला आले आणि ज्याचे पुढे सेवाग्राम झाले, त्या गावच्या वर्धा जिल्ह्याने हा विचार तरी विसरू नये. काही प्रसंगी कुत्री मारणे गांधींनी अपरिहार्य मानले होते. आजचा कायदा मात्र वेगळी वाट दाखवतो. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार स्थानिक संस्थांनी कुत्र्यांची नसबंदी आणि रेबीजचे लसीकरण करून त्यांना पकडलेल्या जागीच सोडायचे असते, तर पाळीव कुत्र्याबाबत निष्काळजी राहणाऱ्या मालकाला भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

नसबंदी झालेले कुत्रे ओळखण्यासाठी त्याच्या कानाला छोटी खाच पाडलेली असते. रोज त्याच रस्त्याने धावणाऱ्या मुलामुलींनी आपल्या वाटेवरील कुत्र्यांचे कान पाहून खाच नसलेली किती, हा आकडा नगर परिषदेला किंवा ग्रामपंचायतीला लेखी दिला, तर कामाची सुरुवात कोणत्या वळणापासून करायची हे तेथील कर्मचाऱ्यांना विचारत बसावे लागणार नाही.