दुभाषी बदलला, निकाल बदलला

समजा, दोन चाचण्यांत एका विद्यार्थ्याला ३४ व ३५ गुण मिळाले. सरासरी ३४.५, शाळेच्या नियमाने ती ३५ धरायची, म्हणजे तो उत्तीर्ण. नाशिकमधल्या एखाद्या शाळेने हे काम संगणकाकडे सोपवले, तर काय होईल?

पायथन भाषेतील आज्ञावली वाचून ती संगणकाकडून करवून घेणाऱ्या दुभाष्याला इंटरप्रिटर म्हणतात. त्याच्या २.७ या आवृत्तीत ६९ भागिले २ याचे उत्तर ३४ येते, अपूर्णांक गळतो. म्हणून २ ऐवजी २.० लिहून 'राउंड' ही आज्ञा दिली की ३५ मिळतात. दुरुस्ती झाली! पण २००८ साली आलेल्या तिसऱ्या पिढीच्या दुभाष्यावर हीच आज्ञावली ३४ सांगते. कारण तेथे नेमका अर्धा उरला तर जवळची सम संख्या घेतात. विद्यार्थी नापास, आणि संगणक कोणतीही चूक दाखवत नाही.

उपाय असा: अपेक्षित उत्तरे आधी आपण ठरवायची. आज्ञावलीत बदल केला की तीच उदाहरणे प्रत्येक आवृत्तीवर तपासायची. 'टॉक्स' हे साधन ही तपासणी आपोआप करते. मुंबई आयआयटीतील प्रा. प्रभू रामचंद्रन यांनी सुरू केलेली, त्रिमितीय आलेख काढणारी 'मायावी' ही प्रणाली काही काळ दोन्ही पिढ्यांवर चालवावी लागली. दुसऱ्या पिढीची देखभाल २०२० च्या आरंभी थांबली. तिसरीच्या नव्या आवृत्त्या मात्र दरवर्षी येतात.

वर्गात करून पाहा: बेरजेत १ मिळवून, दोन तिरप्या रेघांच्या चिन्हाने २ ने भागा. ६९ साठी दोन्हीकडे ३५ येतात. ६८ आणि ७१ साठी काय येईल, ते विद्यार्थ्यांना आधी कागदावर लिहू द्या.