चांदीची वेलांटी

भाचीच्या लग्नात बिदरी तबक द्यायचं आणि त्यावर ‘आशीर्वाद’ कोरून घ्यायचं, असं घरात ठरलं. भालकीत लग्नपत्रिका छापतात तिथं संगणकावर एक लफ्फेदार फाँट सापडला. त्याचा छाप घेऊन बिदर गाठलं. कारागीर चाचांनी कागद उजेडात धरला, वेलांटीच्या शेंड्यावर नख टेकवलं. “इत्ता बारीक तार बैठता नै.”

मग मी तिथंच बसून राहिलो. तबक ओतून, कानशीनं घासून तयार होतं. धातू मुख्यतः जस्ताचा, तांबं साधारण सोळाव्या हिश्शाचं. त्या पांढुरक्या अंगावर रेघ उठत नाही, म्हणून मोरचुदाचं पाणी चोळून ते तात्पुरतं काळं केलं. मग टोकदार कलमानं चाचांनी शब्द नव्यानं काढला. वेलांटी आखूड आणि भरीव झाली, रफार वर सरकला, ‘आ’ आणि ‘शी’मध्ये हवा खेळू लागली.

कागदावर लिहायच्या बोरूचं तोंड तिरकं कापलेलं असतं; हात वळला की रेघ आपसूक जाड होते, बारीक होते. चांदीच्या तारेला असं तोंड नाही, तिची जाडी एकच. म्हणून अक्षराचं पोट पत्रा कापून बसवायचं, ते तेहनिशान. निमुळता भाग तारेनं भरायचा, ती तारकशी. छिन्नीनं खाच पाडायची, चांदी आत ठोकायची, वरून कानस. पत्रा संपून तार सुरू होते तो सांधा बोटाला लागता कामा नये. या एका सांध्यावर चाचा सगळ्यात जास्त वेळ होते.

काम चार दिवसांचं होतं. मधल्या एका सकाळी अष्टूरच्या वाटेवरची सूफी संत खलीलुल्लाह यांची चौखंडी, म्हणजे कबरीची इमारत, पाहिली. काळ्या दगडातली सुलुस या अरबी लेखनशैलीतली अक्षरं: उंच, ताठ दांडे आणि त्यांच्या पायाशी गुंफलेली गोलाई. केसासारखी रेघ कुठंच नाही. बिदर शहरात 1472 सालचा महमूद गवानचा मदरसा आहे. त्याच्या दर्शनी भागावरच्या रंगीत फरशांतही अक्षर खालून, रस्त्यावरून दिसेल एवढं भरीव आहे. अलंकारिक अक्षर सुंदर होतं ते आधी आपल्या दगडाला, फरशीला, धातूला मानतं म्हणून, हे मला तिथं पटलं.

शेवटी तबक कायमचं काळं करायला बिदरच्या किल्ल्यातली माती. नवसागराबरोबर ती पाण्यात उकळली आणि तबक त्यात बुडवलं. धातू गडद काळा झाला, चांदीला काहीच झालं नाही. तेलाचा हात फिरला आणि ‘आशीर्वाद’ दारातूनही वाचता आला.

बिदरीवर मराठी अक्षर हवं असेल तर फाँटचा छाप नेऊ नका. शब्द लहान निवडा, तो शुद्ध लिहून द्या, भोवती जागा सोडायला सांगा आणि वळण कारागिराच्या हातावर सोपवा.