विश्लेषण : हातात ‘गोल्ड’ कार्ड, तरी लाउंजच्या दारातून परत का?

गोंदियाजवळचे नागरा हे गाव प्राचीन शिवमंदिरासाठी ओळखले जाते. बिरसीचे विमानतळही या गावापासून फार लांब नाही. मार्च २०२२ मध्ये ‘फ्लायबिग’ने आणि डिसेंबर २०२३ मध्ये ‘इंडिगो’ने बिरसीहून प्रवासी विमानसेवा सुरू केली आणि परदेशात नोकरी करणाऱ्या मुलांकडे जायचे तर आधी नागपूर गाठायचे, या सवयीला पर्याय मिळाला. विमानप्रवास वाढला तशी ‘गोल्ड’, ‘प्लॅटिनम’ दर्जाची कार्डे बाळगणाऱ्यांची संख्याही वाढली. मात्र हे कार्ड एका विमानतळावर चालते आणि दुसऱ्यावर चालत नाही, मुलाला आत सोडतात आणि वडिलांना बाहेर थांबवतात, असा अनुभव अनेकांना येतो. यामागे कोणते नियम आहेत?

लाउंजचे बिल कोण भरते?

लाउंजमधील चहा-नाश्ता, सोफा, वाय-फाय प्रवाशाला फुकट वाटतात, पण प्रत्येक प्रवेशाचे पैसे कोणी तरी मोजत असते. मोठ्या विमान कंपन्यांची मोजक्या विमानतळांवर स्वतःची लाउंज असतात. इतर ठिकाणी त्या खासगी चालकांशी करार करतात आणि आत गेलेल्या प्रत्येक प्रवाशामागे ठरलेली रक्कम देतात. प्रवासी क्रेडिट कार्डावर आत गेला, तर ती रक्कम बँकेकडून किंवा कार्ड कंपनीकडून वसूल होते. प्रवेशाचे बहुतेक नियम या एका प्रश्नाभोवती फिरतात : या प्रवाशाचे आजचे बिल कोणाच्या नावावर? ज्याच्या नावावर बिल फाडता येत नाही, त्याला दारातून परत जावे लागते.

हा दर्जा आला कुठून?

‘अमेरिकन एअरलाइन्स’ने १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या लागार्डिया विमानतळावर ‘अ‍ॅडमिरल्स क्लब’ उघडला. विमानतळावरील लाउंजची सुरुवात तेथून झाली, असे मानले जाते. त्याच कंपनीने मे १९८१ मध्ये वारंवार प्रवास करणाऱ्यांसाठी ‘अ‍ॅडव्हांटेज’ ही गुणांची योजना आणली. पुढे जवळपास सर्वच मोठ्या कंपन्यांनी अशा योजना सुरू केल्या आणि जास्त प्रवास करणाऱ्याला वरचा दर्जा व त्यासोबत लाउंज मिळू लागले. नंतर कंपन्यांनी आपसात आघाड्या केल्या : १९९७ मध्ये ‘स्टार अलायन्स’, १९९९ मध्ये ‘वनवर्ल्ड’ आणि २००० मध्ये ‘स्कायटीम’. त्यामुळे एका कंपनीत मिळवलेला दर्जा आघाडीतील इतर कंपन्यांकडेही चालू लागला.

‘एअर इंडिया’ जुलै २०१४ मध्ये ‘स्टार अलायन्स’मध्ये दाखल झाली. तिच्या प्रवासी योजनेचे पूर्वीचे नाव ‘फ्लाइंग रिटर्न्स’, आताचे ‘महाराजा क्लब’. या योजनेतील गोल्ड आणि प्लॅटिनम सदस्यांना ‘स्टार अलायन्स गोल्ड’चा दर्जा मिळतो. सिल्व्हर सदस्याला आघाडीच्या लाउंजमध्ये प्रवेश मिळत नाही.

कार्डापेक्षा आजचे विमान महत्त्वाचे का?

दर्जा माणसाला मिळत असला, तरी प्रवेश त्या दिवशीच्या विमानावर ठरतो. ‘स्टार अलायन्स’च्या नियमानुसार गोल्ड सदस्याकडे त्याच विमानतळावरून त्याच दिवशी सुटणाऱ्या, आघाडीतील कंपनीने चालवलेल्या विमानाचा बोर्डिंग पास असावा लागतो. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचपर्यंत सुटणारे विमानही त्यात धरले जाते. मुंबई-दिल्लीहून मध्यरात्रीनंतर निघणाऱ्यांना ही सवलत उपयोगी पडते. तिकीट इकॉनॉमीचे असले तरी चालते.

एक उदाहरण घेऊ. ‘स्टार गोल्ड’ दर्जाचा प्रवासी बिरसीहून ‘इंडिगो’ने हैदराबादला आणि तेथून ‘लुफ्तान्सा’ने फ्रँकफर्टला जातो. बिरसीत त्याच्या दर्जाचा उपयोग नाही, कारण ‘इंडिगो’ कोणत्याही आघाडीत नाही. हैदराबादला मात्र पुढचे विमान ‘लुफ्तान्सा’चे असल्याने लाउंजचे दार उघडते. परतीच्या प्रवासात तोच माणूस, तेच कार्ड आणि तेच विमानतळ असूनही प्रवेश मिळत नाही. आता तो ‘लुफ्तान्सा’मधून उतरलेला असतो आणि पुढचे विमान ‘इंडिगो’चे असते. आघाडीचा दर्जा निघणाऱ्या विमानासाठी आहे, आलेल्या विमानासाठी नाही.

नावांमुळे गोंधळ कसा होतो?

‘एअर इंडिया एक्स्प्रेस’ ही टाटा समूहाचीच कंपनी आहे, पण ती ‘स्टार अलायन्स’ची सदस्य नाही. ‘एअर इंडिया’चे गोल्ड कार्ड दाखवून ‘एक्स्प्रेस’च्या विमानासाठी आघाडीच्या नियमाने लाउंज मागता येत नाही. कोल्हापूर, नांदेडकरांच्या ओळखीची ‘स्टार एअर’ ही कोल्हापूरच्या संजय घोडावत समूहाची कंपनी. तिचा ‘स्टार अलायन्स’शी संबंध नाही. तिसरा गोंधळ भागीदारीतील उड्डाणांचा. तिकिटावर परदेशी कंपनीचा क्रमांक असतो आणि विमान मात्र दुसऱ्याच कंपनीचे असते. अशा वेळी विमान प्रत्यक्ष कोण चालवते हे पाहावे. तिकिटावर बारीक अक्षरांत ते लिहिलेले असते.

आईवडील दोघे सोबत असतील तर?

कुटुंबांची सर्वाधिक अडचण येथे होते. ‘स्टार गोल्ड’ सदस्याला सोबत एकच पाहुणा नेता येतो आणि त्या पाहुण्याकडेही आघाडीच्याच विमानाचा बोर्डिंग पास हवा. ‘वनवर्ल्ड’च्या सफायर व एमराल्ड आणि ‘स्कायटीम’च्या एलिट प्लस दर्जालाही पाहुण्याची मर्यादा एकच आहे. म्हणजे आईवडिलांना पहिल्यांदाच परदेशी नेणारा मुलगा दोघांपैकी एकालाच आत नेऊ शकतो.

बिझनेस क्लासच्या तिकिटाने हा पेच सुटतोच असे नाही. ‘स्टार अलायन्स’मध्ये केवळ बिझनेस क्लासचे तिकीट असलेला प्रवासी स्वतः आत जातो, पाहुणा नेऊ शकत नाही. येथे इकॉनॉमीतील गोल्ड सदस्याचा हक्क बिझनेसमधील साध्या प्रवाशापेक्षा मोठा ठरतो. तिसऱ्या व्यक्तीसाठी तिच्या स्वतःच्या नावाचे कार्ड किंवा पैसे भरून प्रवेश हाच मार्ग उरतो. मात्र विमान कंपनीचे लाउंज आणि कार्डावरचे लाउंज एकच असेल याची खात्री नसते. तिघांना एकत्र बसायचे असेल, तर दोन्ही हक्क एकाच लाउंजमध्ये चालतात का, हे आधी विचारून घ्यावे लागते.

अमेरिकेतील मराठी कुटुंबांसाठी वेगळा नियम का?

अमेरिकेतील कंपन्या क्लबचे सदस्यत्व वेगळे विकतात. त्यामुळे ‘युनायटेड’ने आपल्याच गोल्ड सदस्यांना देशांतर्गत प्रवासात केवळ दर्जावर क्लबमध्ये प्रवेश ठेवलेला नाही. नेवार्कहून शिकागोला जाणारा ‘युनायटेड’चा गोल्ड सदस्य बाहेर राहतो, तर त्याच विमानाने जाणारा ‘एअर इंडिया’चा गोल्ड सदस्य आघाडीच्या नियमाने आत जाऊ शकतो. ‘अमेरिकन’ आणि ‘अलास्का’ यांचेही आपल्या सदस्यांसाठी असेच अपवाद आहेत. ‘स्कायटीम’मध्ये एलिट प्लसचा लाउंजहक्क मुळात आंतरराष्ट्रीय प्रवासाशीच जोडलेला आहे.

क्रेडिट कार्डाचा भरवसा किती?

भारतात लाउंजमधील गर्दी वाढली ती मुख्यतः बँकांच्या कार्डांमुळे. खर्च वाढताच बँकांनी अटी घातल्या. ‘एचडीएफसी’च्या रेगालिया कार्डावर डिसेंबर २०२३ पासून तिमाहीत एक लाख रुपये खर्चाची अट आली. ‘आयसीआयसीआय’ने अनेक कार्डांवर एप्रिल २०२४ पासून आधीच्या तिमाहीत ३५ हजार रुपये खर्च सक्तीचा केला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये तो आकडा ७५ हजारांवर नेला. बँका आणि लाउंज यांच्यामधील दुवा असलेल्या ‘ड्रीमफोक्स’ची सेवा सप्टेंबर २०२४ मध्ये काही विमानतळांवर अचानक खंडित झाली. वर्षभराने, सप्टेंबर २०२५ मध्ये, कंपनीने देशांतर्गत लाउंज सेवा बंद केली. बिल फाडणारा मधला दुवा निखळला की ग्राहकाचे कार्ड वैध असूनही अडचण येते, हे त्यातून दिसले.

दर्जा कायम टिकतो का?

नाही. बहुतेक कंपन्यांत तो ठरावीक मुदतीसाठी असतो आणि पुन्हा मिळवावा लागतो. ‘एअर इंडिया’ने २०२४ मध्ये गुणांची पद्धत अंतराऐवजी खर्चाशी जोडली. त्यामुळे स्वस्त तिकिटांवर लांबचा प्रवास करणाऱ्यांचे गणित बदलले. शिवाय दर्जाचे आयुष्य कंपनीच्या आयुष्याशी बांधलेले आहे. ‘किंगफिशर’ फेब्रुवारी २०१२ मध्ये ‘वनवर्ल्ड’मध्ये जाणार होती. तो प्रवेश ऐनवेळी लांबला आणि त्याच वर्षी कंपनीची विमाने थांबली. एप्रिल २०१९ मध्ये ‘जेट एअरवेज’ जमिनीवर आली तेव्हा वर्षानुवर्षे कमावलेल्या प्लॅटिनम कार्डांना विमानच उरले नाही.

निघण्यापूर्वी काय तपासावे?

चार गोष्टी पुरेशा आहेत. आपला दर्जा आघाडीच्या कोणत्या श्रेणीत मोडतो. ज्या विमानतळावर थांबायचे आहे, तेथून सुटणारे पुढचे विमान प्रत्यक्ष कोणती कंपनी चालवते. त्या विमानतळावर, त्याच टर्मिनलमध्ये, त्या कंपनीचे किंवा तिच्या कराराचे लाउंज आहे का. आणि सोबत किती माणसे आहेत. गर्दी असेल तर हक्क असूनही थांबावे लागू शकते, हेही लक्षात ठेवावे. नागऱ्याहून निघालेल्या वृद्ध जोडप्याला हैदराबाद किंवा दिल्लीत पाच-सहा तास काढायचे असतील, तर लाउंज ही चैन राहत नाही. औषधाची वेळ, मधुमेहींचे जेवण, स्वच्छतागृह आणि पाठ टेकायला जागा यांची ती सोय असते. ती कोणाच्या नावावर मिळणार, हे तिकीट काढतानाच ठरवले तर लाउंजच्या दारात दोघांपैकी एकाला निवडण्याची वेळ येणार नाही.